नवा पॅटर्न निवडायचा? आधी कपाट उघडा

शिवण थोडं हातात बसलं, सरळ शिलाई यायला लागली, की पुढचा प्रश्न उभा राहतो: आता शिवू काय? मग मोबाइलवर पॅटर्नची, म्हणजे कापड कापायच्या तयार कागदी साच्यांची, चित्रं बघणं सुरू होतं आणि तास कधी गेला कळत नाही. माझं सांगणं असं, की मोबाइल बाजूला ठेवा आणि कपाट उघडा. ज्या कुर्त्याकडे हात आपोआप जातो, जो धुऊन वाळेपर्यंत चैन पडत नाही, तो बाहेर काढा. पुढचं सगळं त्याच्यावरूनच ठरवायचं आहे.

हे मी शिकले ते अडीच मीटर कापड गमावून. माझा पहिला विकतचा पॅटर्न मी चित्रावरून घेतला होता. चित्रातल्या मुलीच्या अंगावर तो टॉप पाण्यासारखा झुळझुळत होता. मी तो पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावरून आणलेल्या जाड हातमागाच्या कापडावर बेतला. शिलाई चांगली झाली, माप बरोबर आलं, पण अंगात घातल्यावर घेर खाली पडेचना, तंबूसारखा बाहेर उभा राहिला. चूक शिवण्यात नव्हती, निवडण्यात होती. ते कापड फार सुंदर होतं, त्याची हळहळ अजून जात नाही.

पॅटर्न आणि आपला ड्राफ्ट

आपल्याकडे शिवणाच्या क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून ड्राफ्ट शिकवतात. स्वतःची छाती, मुंढा म्हणजे बाही जोडतात तो घेर, खांदा मोजायचा आणि त्या मापांवरून खाकी कागदावर आकार काढायचा. विकतचा पॅटर्न म्हणजे हेच काम दुसऱ्या कुणीतरी एका ठरावीक अंगासाठी करून ठेवलेलं असतं आणि त्यावरून लहानमोठे साइझ काढलेले असतात. अमेरिकेत बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये असे मापवार कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली, तेव्हापासून ही पद्धत रुळली. तयार पॅटर्नमुळे आकार काढण्याचे कष्ट वाचतात. पण ते ठरावीक अंग तुमचं नसतं, आणि निवडीची सगळी कसरत त्यामुळेच आहे.

आवडता कुर्ता मोजा, मग स्वतःला मोजा

कुर्ता इस्त्री करून जमिनीवर सपाट पसरा. काखेच्या खाली एका शिलाईपासून दुसऱ्या शिलाईपर्यंत टेप धरा आणि आकडा दुप्पट करा. तसंच कंबरेपाशी, आणि बाजूचा कट जिथे सुरू होतो तिथे. खांदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग पूर्ण उंची, बाहीची लांबी, दंडाचा घेर. हे सगळं एका वहीत, तारीख घालून.

आता स्वतःचं माप. इथे कुणाची तरी मदत घ्या, कारण स्वतःच्या पाठीवर टेप सरळ राहत नाही. नेहमीचे आतले कपडे घालून, श्वास रोखून न धरता छाती, कंबर आणि सीट म्हणजे नितंबांचा घेर मोजा. कंबर नेमकी कुठे ते कळत नसेल तर पोटाभोवती नाडी बांधा आणि दोनतीनदा बाजूला झुका, नाडी आपोआप जागेवर येते. आणखी एक माप घ्यायचं, जे आपल्याकडे सहसा घेत नाहीत: छातीच्या वरचा घेर, दोन्ही काखांमधून आणि पाठीवरून. सगळी मापं इंचात आणि सेंटिमीटरमध्ये अशी दोन्ही लिहून ठेवा. बाहेरचे बरेच पॅटर्न सेंटिमीटरमध्येच असतात आणि दुकानात उभ्या उभ्या २.५४ ने भागत बसणं नको होतं.

आता वजाबाकी करा. समजा तुमची छाती ३६ इंच आहे आणि आवडत्या कुर्त्याची ४१ भरली. म्हणजे तुम्हाला ५ इंच मोकळीक आवडते. हा आकडा वहीत ठळक लिहा. पॅटर्न निवडताना मला तरी याच्याइतका उपयोगी आकडा दुसरा सापडलेला नाही. न ताणणाऱ्या कापडाच्या, अंगासरशा कपड्याला छातीवर साधारण २ ते ३ इंच मोकळीक लागते, सैल कुर्त्याला ४ ते ६. पण हे झाले सर्वसाधारण आकडे, तुमचा आकडा तुमचा कुर्ताच सांगेल.

पहिला पॅटर्न ब्लाउजचा नको

शेजारच्या काकूंपासून क्लासच्या मैत्रिणीपर्यंत सगळ्या म्हणतील, "ब्लाउज शिक, शिलाईचे पैसे वाचतील." पैसे वाचतील हे खरं, पण ब्लाउज हा अंगाला सगळ्यात घट्ट बसणारा कपडा. मोकळीक जेमतेम, टक्स म्हणजे आकार देणाऱ्या दुमडी नेमक्या जागी, मुंढा जरा चुकला तरी हात वर होत नाही. पाव इंचाची चूकही लपत नाही. पहिल्याच पॅटर्नला अशी परीक्षा देऊ नका.

घरात तान्हं बाळ असेल तर झबल्याने सुरुवात करा. कापड थोडं, भाग दोनतीन, आणि बसण्याचा प्रश्नच नाही. नाहीतर इलॅस्टिकचा पायजमा: दोन पाय, एक नेफा. पुढची शिवण आणि मागची शिवण वेगळी का असते हे पायजम्यातून जेवढं समजतं तेवढं कशातूनच नाही. त्यानंतर टक्स नसलेला सरळ कुर्ता, मग पुढे बटणपट्टी, मग कॉलर. एका पॅटर्नमध्ये एकच नवी गोष्ट असावी. चेन पहिल्यांदा लावायची असेल तर बाकी पॅटर्न ओळखीचा हवा. चेन, अस्तर आणि कॉलर तिन्ही एकदम नवे असतील तर तो पॅटर्न वर्षभराने घ्या.

पॅटर्नचं पान कसं वाचायचं

विकणारा फोटो मोठा देतो. तुम्ही शोधायचं ते रेघांचं साधं चित्र. फोटोत कापडाचा रंग, प्रकाश, उभं राहण्याची ढब यांमुळे डोळा फसतो. रेघांच्या चित्रात शिवण कुठे आहे, टक्स किती, पाठीला जोड आहे का, चुण्या कुठे, सगळं उघड दिसतं. तुमच्या कुर्त्याच्या शिवणी या चित्राशी ताडून बघा. ज्या पॅटर्नमध्ये रेघांचं चित्रच दिलेलं नाही, तो मी घेत नाही.

मग मापांचे तक्ते. चांगल्या पॅटर्नमध्ये दोन असतात: एक अंगाच्या मापांचा, दुसरा तयार कपड्याच्या मापांचा. अंगाच्या तक्त्यावरून साइझ ठरवून बहुतेकजण मोकळे होतात, आणि तिथेच घोळ होतो. उदाहरण घ्या: ३६ छातीच्या साइझचा तयार कपडा ४४ इंच भरतो असं तक्ता सांगतोय. म्हणजे पॅटर्न काढणारीने ८ इंच मोकळीक ठेवली आहे. तुमची आवड ५ ची. मग ३४ चा साइझ बघा. त्याचा तयार कपडा ४२ असेल, तर तुमच्या आवडीच्या बराच जवळ तो आहे. पण त्या साइझचा खांदा, मुंढा आणि सीट तुम्हाला पुरते का, हेही लगेच वहीतल्या मापांशी ताडून घ्या.

साइझच्या नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे दुकानात "अडतीसचा कुर्ता द्या" म्हटलं की ३८ म्हणजे इंच. जर्मनीच्या बुर्डा या पॅटर्न कंपनीचा ३८ साइझ मात्र ८८ सेंटिमीटर छातीसाठी असतो, म्हणजे साडेचौतीस इंचांच्या आसपास. नावावरून घेतलात तर फसगत नक्की.

छाती आणि छातीच्या वरचा घेर यांत २ इंचांपेक्षा जास्त फरक असेल तर काय करायचं? छातीच्या मापावर साइझ घेतला की खांदे ओघळतात आणि गळा उघडा पडतो. त्यापेक्षा वरच्या घेराला बसणारा साइझ घ्यावा आणि समोरच्या भागात छातीपाशी तेवढी रुंदी वाढवावी. खांदा आणि गळा दुरुस्त करणं फार अवघड, छातीपाशी कापड वाढवणं त्यामानाने सोपं. पायजमा, स्कर्ट, पँट यांचा साइझ सीटवरून ठरवा, कंबर नंतर कमीजास्त करता येते. बाजूला कट असलेल्या कुर्त्यात मात्र सीटचं माप कट सुरू होतो तिथपर्यंतच महत्त्वाचं. कट उंचावर असेल तर सीटची फार चिंता नको.

शिलाईची माया, म्हणजे शिवणीच्या आत जाणारं जादा कापड, धरली आहे का, हेही आधीच पाहा. अमेरिकेच्या मोठ्या कंपन्यांच्या पॅटर्नमध्ये साधारण पाच सूत, म्हणजे दीड सेंटिमीटरच्या आसपास माया आत धरलेली असते. बुर्डाच्या मासिकातल्या पॅटर्नमध्ये ती नसते, आपण कापताना सोडायची. न बघता कापलं तर कपडा दोन इंचांनी तोकडा पडतो. आपले शिंपी बाजूच्या शिवणीत इंचभर तरी माया ठेवतात, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून. तयार पॅटर्न वापरतानाही बाजूच्या शिवणीला ही सवय सोडू नका.

उंचीचं वेगळं बघा

बुर्डाच्या नेहमीच्या साइझमध्ये बाईची उंची १६८ सेंटिमीटर धरलेली असते, म्हणजे साडेपाच फूट. आपल्यातल्या कितीतरी जणी पाच फूट, पाच फूट एक इंच. मग वाटतं, खालून कापून टाकू. खालून कापल्याने फक्त घेराची उंची कमी होते. कंबरेचा आकार मात्र सीटवर उतरतो, टक्स खाली जातात आणि कपडा उसना आणल्यासारखा दिसतो. मानेच्या हाडापासून कंबरेच्या नाडीपर्यंत पाठ मोजा आणि पॅटर्नच्या पाठीशी ताडून बघा. जो फरक असेल तो छाती आणि कंबरेच्या मधोमध कागदाला घडी घालून काढा, राहिलेला खालून. बऱ्याच पॅटर्नवर यासाठी दोन समांतर रेघा छापलेल्या असतात. त्या असलेला पॅटर्न नवशिक्यांसाठी चांगला.

कापड आणि पॅटर्न यांचं जमतं का

पॅटर्नवर कोणतं कापड चालेल ते लिहिलेलं असतं, आणि ते मनापासून वाचायचं असतं. माझे अडीच मीटर तिथेच गेले. पहिला प्रश्न: पॅटर्न होजिअरीसारख्या ताणणाऱ्या कापडाचा आहे की मागावरच्या साध्या कापडाचा? होजिअरीच्या पॅटर्नमध्ये मोकळीक बहुधा नसते, कधी तर कपडा अंगापेक्षाही लहान असतो. तो पॉपलीनवर बेतला तर डोक्यातूनच जाणार नाही.

दुसरा प्रश्न: कापड पडतं की उभं राहतं? दुकानात ठाणाचं टोक पालथ्या हातावर टाका. रेयॉन किंवा मऊ मलमल लगेच बोटांवरून ओघळते. खादी, जाड हातमाग, केंब्रिक हे कमीअधिक ताठ राहतात. चुण्या, झालर, मोठा घेर असेल तर ओघळणारं कापड. कॉलर, बटणपट्टी, नेटक्या शिवणी असतील तर ताठ. आधी कापड आवडलं असेल तर त्याला शोभेल असा पॅटर्न शोधा, आधी पॅटर्न आवडला असेल तर त्याच्या स्वभावाचं कापड. दोन्ही वेगवेगळे आवडले म्हणून त्यांची जोडी जमेलच असं नाही.

पन्ह्याचं, म्हणजे कापडाच्या रुंदीचं, गणित आपल्याकडे वेगळं पडतं. बाहेरच्या पॅटर्नवर कापड किती लागेल ते ४५ आणि ६० इंची पन्ह्यासाठी दिलेलं असतं. आपलं सुती कापड बहुधा ४४ चं मिळतं, काही खादी ३६ ची. पाव मीटर जास्त घ्या, पन्हा ३६ चा असेल तर भाग मांडून बघितल्याशिवाय कापड घेऊच नका. शिवाय सुती कापड आटतं, म्हणून बेतण्याआधी धुऊन घ्या. जुलैमध्ये पुण्यात ते वाळायला दोन दिवस लागतात, तेवढे धरून चाला.

आता काठाचं कापड, ज्याच्याबद्दल बाहेरच्या पॅटर्नमध्ये काहीच लिहिलेलं नसतं. आजीची मऊ झालेली नऊवारी, इरकल, खण यांवर जीव असतो आणि त्यांचंच काहीतरी शिवायचं असतं. काठ सरळ असतो, त्याला वळवता येत नाही. म्हणून खालची कड सरळ असलेलाच पॅटर्न निवडा. सरळ कुर्ता चालतो. चुण्यांचा स्कर्ट तर फारच छान होतो, आपला परकर तसाच तर असतो: सरळ कापड, वर चुण्या, खाली अखंड काठ. कळीदार घेर किंवा गोल स्कर्ट घेतलात तर कड गोल येते आणि काठ कापून वेगळा जोडावा लागतो. खणाचा पन्हा लहान असतो, त्यात अख्खा कुर्ता बसवण्याची धडपड करू नका. पोलकं, योक म्हणजे खांद्यालगतचा वेगळा जोड, किंवा बाहीपुरता खण वापरायला सांगणारा, जास्त जोड असलेला पॅटर्न शोधा. आणि जुनी साडी असेल तर उजेडासमोर धरून विरलेल्या जागा आधी बघा, मोठे भाग तिथे येता कामा नयेत.

छापून घेणं

परदेशी छापील पाकिटं शोधत फिरण्यापेक्षा पीडीएफ सोपं पडतं. घरी ए-फोर कागदावर छापून चिकटवता येतं. ए-झिरोचा एक कागद म्हणजे १६ ए-फोर, त्यामुळे मोठ्या कुर्त्याला चिकटवण्यातच संध्याकाळ जाते. पीडीएफमध्ये ए-झिरोची फाइल असेल तर आर्किटेक्टचे नकाशे छापणाऱ्या दुकानात न्या, मोठा अखंड कागद मिळतो. घ्यायच्या आधी फाइलमध्ये हा आकार आहे का ते बघून ठेवा.

दुकानात एक वाक्य नक्की म्हणा: "शंभर टक्के आकारातच छापा, पानात बसवू नका." पॅटर्नच्या पहिल्या पानावर तपासणीचा चौकोन असतो, १ इंचाचा किंवा ५ सेंटिमीटरचा. आधी ते एकच पान छापून टेपने मोजा, मग बाकीची. छपाई ९६ टक्क्यांवर गेली तर ४२ इंची कुर्ता ४० वर येतो आणि तुमची जवळपास दोन इंच मोकळीक कागदावरच संपते.

मूळ कागद कापू नका. त्यावरून आपला साइझ खाकी कागदावर उतरवून घ्या. कागद अप्पा बळवंत चौकात मिळतो. दाती चाक, चॉक, टाचण्या, इलॅस्टिक, बकरम यांसाठी तुळशीबाग. २०२४ मध्ये मेट्रोचं मंडई स्टेशन सुरू झाल्यापासून तिथे जाणं खूप सुखाचं झालं आहे. उतरवताना उभ्या धाग्याचा बाण, खाचा आणि "घडीवर ठेवा" ही खूण विसरू नका, पुढे भाग जुळवताना त्यांच्यावाचून अडतं.

मांजरपाटावर आधी

चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटावर, म्हणजे साध्या स्वस्त सुती कापडावर, बेतून बघा. रविवार पेठेत किंवा लक्ष्मी रस्त्यावर मिळेल. ओघळणाऱ्या कापडाचा कपडा असेल तर मांजरपाटाऐवजी जुनी पातळ साडी घ्या, नाहीतर अंदाज चुकतो. गळ्याची पट्टी, काज-बटणं काही नको. मोठा टाका घालून फक्त खांदे, बाजू आणि एक बाही.

घालून नुसतं आरशासमोर उभं राहू नका. खुर्चीत बसा. मांडी घालून बसा. हात वर करून फळीवरचा डबा काढा. आणि पुण्यात राहतो म्हणून एक हमखास करा: स्कूटरच्या हँडलवर धरल्यासारखे दोन्ही हात पुढे घ्या. पाठ ताणली, मुंढ्यात कापड रुतलं, तर पाठीला रुंदी कमी आहे. एवढी रुंदी घरी वाढवता येते. पण रोज गाडी चालवायची असेल तर पाठीला योक आणि त्याखाली प्लेट असलेला पॅटर्न मुळातच बरा.

सुरकुत्यांकडे बघा. ताणलेली सुरकुती जिकडे ओढ घेते, तिकडे कापड कमी पडतंय. कंबरेच्या वर पाठीत आडवी सैल घडी पडत असेल तर पाठ लांब झाली आहे. टाचण्या लावून दुरुस्त करा, पेनने मांजरपाटावरच रेघ मारा आणि तो बदल खाकी कागदावर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी कोणती टाचणी कशासाठी होती ते आठवत नाही. तीन ठिकाणी मोठे बदल लागत असतील तर तो पॅटर्न सोडून दुसरा बघा.

बसला, तर पुढचा पॅटर्न त्याच कंपनीचा घ्या. प्रत्येक कंपनी सहसा आपले आकार एकाच मूळ साच्यावरून काढते. एकदा तुमची पाठ पाऊण इंच कमी करावी लागली, तर तिच्या पुढच्या पॅटर्नमध्येही बहुधा तेवढीच करावी लागेल. म्हणून नव्या कंपनीचा एखादा मोफत साधा पॅटर्न आधी शिवून बघणं फायद्याचं.

शिवून झालेल्या खाकी कागदांवर साइझ, तारीख, केलेले बदल आणि त्या दिवसाचं तुमचं छातीचं माप लिहा. त्या कापडाची एक चिंधी कोपऱ्यात टाचून ठेवा. पावसाळ्यात कागदाला कसर लागते, म्हणून सगळे भाग प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वरच्या खणात ठेवा, त्या आवडत्या कुर्त्याच्या मापांच्या वहीसोबत.